वरची फळी कोरडी

पाऊस जाऊन पंधरवडा झाला, तरी मदिनाच्या भिंतीतलं फडताळ ओलंच होतं. खालच्या फळीवर लेकीच्या लग्नासाठी भरलेल्या रजया होत्या, नवऱ्याने, सलीम पिंजाऱ्याने, स्वतः पिंजलेल्या कापसाच्या. त्यांना बुरशीचा वास यायला लागला तसं तिचं डोकं फिरलं.

“धाबं गळी ऱ्हायनं!” डोक्यावरच्या मातीच्या छपराकडे बोट करत ती कडाडली.

“आते पानी कोठे शे? आनि वरली फळी तं कोरडी शे,” सलीम म्हणाला.

“मुरेल पानी उतरी ऱ्हायनं. माले शिकाडू नका!”

गळती बुजवायला सलीम पांढऱ्या मातीची टोपली घेऊन शिडीवरून धाब्यावर चढला.

मदिना रजया उन्हात टाकायला परसात गेली. फडताळाच्या नेमका मागे, भिंतीला टेकून, पाण्याचा रांजण उभा होता. सावली मिळते म्हणून उन्हाळ्यात तिनेच तो तिथे ठेवायला लावला होता. “मातीनी भित शे, हातभर जागा सोड,” असं सलीम तेव्हा म्हणाला होता आणि तिने त्याला गप्प बसवलं होतं. आता रांजणाला बारीक चीर गेली होती, आणि भिंत फडताळाच्या खालच्या फळीच्या उंचीपर्यंत भिजली होती.

मदिनाने इकडेतिकडे पाहिलं. पदर खोचला, रांजण रिकामा केला आणि रेटत रेटत कुंपणाशी नेला.

“आखो एक टोपली टाकू का?” वरून सलीमने विचारलं.

“दोन टाका,” मदिना म्हणाली.