तोफेचं उत्तर

आमच्या कॉलेजात विविधता सप्ताह साजरा करायचं ठरलं, तेव्हा प्राचार्यांना सगळ्यात आधी तोफ आठवली. तोफ म्हणजे माझी होस्टेलमधली रूममेट. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ती हसली की मजल्यावरच्या खिडक्या हादरतात, म्हणून हे नाव. तिला ते भारी आवडायचं.

प्राचार्यांनी तिला माहितीपुस्तिकेवर झळकवलं, फाटकावरच्या फलकावर झळकवलं. तोंडी परीक्षेला मात्र दुभाषी मिळेना. तिने तीन अर्ज केले. तिसऱ्यावर शेरा आला, ‘उत्तरे विद्यार्थिनीचीच कशावरून?’ तोंडी परीक्षेत नापास म्हणजे वर्ष वाया, आणि वर्ष वाया गेलं की घरचे तिला कायमचे परत नेणार होते.

मी खुणांची भाषा शिकले ती काही परोपकार म्हणून नाही. अभ्यासिकेत संध्याकाळी दोन तास शब्द काढायची बंदी, आणि दारात रेक्टरबाई ठाण मांडून. आम्ही आपल्या तोंड शिवून बसायचो आणि तोफ मात्र खिडकीतून समोरच्या आपल्या मैत्रिणीशी हातांनी मनसोक्त गप्पा हाणायची. आम्हाला ते बघवेना. दोन महिन्यांत अख्खा मजला शिकला. बोलायचं कशाबद्दल, तर रेक्टरबाई, मेस आणि प्राचार्य, त्यामुळे आमचा शब्दसंग्रह बराचसा शिव्यांचा. नाकावरून चष्मा घसरवला की रेक्टरबाई. पोटावरून हात फिरवला की प्राचार्य.

ऑफिसात तिचं बोलणं मी सांगायचे, आणि साखरेत घोळवून सांगायचे. ती म्हणायची, हा माणूस थापाड्या आहे. मी सांगायचे, सर, ती म्हणते आपण पुन्हा विचार करावा. एकदा तिने माझे ओठ वाचले. खोलीत येऊन दार लावलं आणि दोन्ही हातांनी मला झाडलं.

"मी चिडले की तू मला गोड मुलगी करतेस. मग माझ्या वतीने चिडायचं कोणी? प्राचार्यांचं राहू दे, आधी तूच मला बोलू देत नाहीस."

मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी करते. तिने माझ्याकडे बघून हळूच नाकावरून चष्मा घसरवला. मला मिरच्या झोंबल्या, आणि ते खरं असल्यामुळे जास्त झोंबल्या.

सप्ताहाच्या समारोपाला एक पाहुण्या बाई आल्या. त्यांच्या हस्ते कॉलेजला ‘सर्वांचे महाविद्यालय’ अशी ढाल मिळायची होती. ढाल तोफेने घ्यायची आणि तिच्या वतीने आभार मी वाचायचे. आभाराचा कागद प्राचार्यांनीच लिहून दिला होता. तोफेने ढाल घेतली, टेबलावर ठेवली, हात मोकळे केले आणि पोटावरून एक हात फिरवला. मागे आमच्या मजल्याला खुदकन हसू फुटलं. मी कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"प्राचार्य थापाडे आहेत," मी माइकवर म्हटलं. "मला फोटोत घेतात. परीक्षेत घेत नाहीत."

प्राचार्यांनी शिपाईमामांना खूण केली. म्हणजे खुणा त्यांनाही येत होत्या. माइक बंद झाला आणि माझा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जाईना. तोफेला काय फरक पडणार? तिचं आपलं चालूच. मग मागून एक मुलगी उठली आणि तोफेचं बोलणं खणखणीत सांगू लागली. मग दुसरी. मग अख्खा मजला. जे शब्द आम्ही शिकलो होतो तेच बाहेर पडले, त्यामुळे आभारप्रदर्शन जरा झणझणीत झालं. दोन महिने मुली आपल्याला बघून नाकाशी काय करतात, हे रेक्टरबाईंना त्या दिवशी समजलं.

पाहुण्या बाईंनी शांतपणे ढाल उचलून आपल्या पिशवीत ठेवली आणि परीक्षा कधी आहे, असं विचारलं. सोमवारी, असं प्राचार्य पिशवीकडे बघत म्हणाले. मग मला बाजूला घेऊन बजावलं, तूच बस दुभाषी म्हणून, पण एक शब्द जरी पदरचा घातलास तर दोघी घरी.

सोमवारी परीक्षकांनी टेबलावर बटाटा ठेवला. हे मूळ की खोड? आदल्या दिवशी मी तिच्याकडून हे दोनदा घोकून घेतलं होतं. तोफेने बटाट्याकडे बघितलं आणि बोटं खाली केली.

बोटं वर म्हणजे खोड, खाली म्हणजे मूळ. परीक्षकांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खोड म्हटलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि तिचं वर्ष तर टांगणीला लागलेलं. तोफ माझ्या ओठांकडे बघत नव्हती. तिने मुद्दाम नजर बटाट्यावर ठेवली होती.

"मूळ," मी म्हटलं.

परीक्षकांनी कागदावर फुली मारली. मला रडू येत होतं.

बाहेर आल्यावर तोफेने कपाळावर हात मारला. खोड असतं ना? आत्ता आठवलं, म्हणाली. मी मान डोलावली. तिने विचारलं, तू काय सांगितलंस?

मी बोटं खाली केली.

ती इतकी मोठ्याने हसली की परीक्षक दार उघडून बाहेर आले. पुढे ती काठावर पास झाली. त्यातला एकही गुण माझा नव्हता.