सासऱ्यावर चढाई

केळव्याला शीतलादेवीच्या जत्रेत हुतूतूचा शेवटचा सामना सुरू व्हायची वेळ झाली, आणि सफाळ्याचा बळवंत काही बैलगाडीतून उतरेना.

तसा बळवंत चढाईला एक नंबर. शिवाय सफाळ्याचे दोन चांगले गडी तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर गेलेले, म्हणून सगळी भिस्त त्याच्यावरच. सफाळे सलग तीन वर्षं हरलं होतं आणि कप्तानानं स्वच्छ सांगितलं होतं, यंदा हरलो तर गावात तोंड दाखवू नकोस.

"नवशादादा," बळवंत गाडीवानाला म्हणाला, "गाडी जरा कडेला घे, दोन्ही संघ दिसतील अशी."

नवशा मासवणकडचा, वयानं मोठा, बोलणं मोजकं. त्यानं गाडी कडेला घेतली. बळवंतानं समोर पाहिलं. केळव्याचे सात गडी मांड्या थोपटत उभे होते. मधोमध रामनाथभाऊ, त्याचा सासरा, वय अठ्ठेचाळीस, मिशा आणि पोटऱ्या दोन्ही भरदार. शेजारी चुलतसासरा. उरलेले पाचही मेव्हणे, आणि पाचही त्याच्या बायकोपेक्षा, शैलापेक्षा मोठे.

शैला महिनाभर माहेरी होती. रामनाथ आधी म्हणाला, लोणचं घालून झालं की पाठवतो. मग म्हणाला, जत्रा झाली की पाठवतो. आणि गेल्या आठवड्यात निरोप आला, "मैदानात मला हात लावून आजवर कोनी परत गेला नाय. जावयानं लावला तर पोर पाठवनार नाय." हा माणूस शब्दाचा भलताच पक्का. एकदा जेवताना भांडण होऊन 'घरात कोळंबी शिजायची नाही' म्हणाला, आणि पाच वर्षं शिजू दिली नाही. समुद्रकाठच्या घरात!

बळवंताच्या हातातली गुडघ्याची पट्टी गळून पडली. तोंडाला कोरड पडली. तो गाडीत पेंढ्यावर फतकल मारून बसला.

"दादा, मी नाही खेळत. सासरा, चुलतसासरा, मेव्हणे, एवढ्यांना मारून मला मिळणार काय? ढाल! ती काय भाकऱ्या भाजणार आहे? आणि मुद्दाम हरलो तर गाव घरात घेणार नाही."

अशा वेळी गाडी हाकणाऱ्यानं अठरा अध्याय ऐकवायचे असतात. नवशाला तेवढी सवड नव्हती. बैलांना पाणी पाजायचं राहिलं होतं.

"भाऊ, हुतूतूत मेलेला गडी खरा मरतो काय?"

"नाही. बाहेर बसतो, मग परत आत येतो."

"मंग रडतो कशाला? रानात झाड तोडायच्या आदी आमी त्याला हात जोडतो, माफी मागतो. मंग कुऱ्हाड घालतो. तू बी आदी पाया पड, मंग खेळ. आन आता उतर."

बळवंताला ते पटलं. पण पटेपर्यंत बराच वेळ गेला होता. सफाळ्याचे सहाच गडी झुंजून घामाघूम झाले होते, दोन गुणांनी मागे होते, आणि शेवटची एक चढाई उरली होती. कप्तानानं त्याला दंडाला धरून आत ढकललं.

बळवंत 'हुतूतू हुतूतू' करत निघाला तो थेट रामनाथकडे. रामनाथनं पकडीसाठी दोन्ही हात पसरले. बळवंत वाकला आणि दम न सोडता सासऱ्याच्या पाया पडला. मानगूट धरायला निघालेला रामनाथचा हात सवयीनं जावयाच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून खणखणीत निघालं, "विजयी हो!"

चुलतसासऱ्यानं लगबगीनं पाय जुळवले. मेव्हणे तर लग्नात उभे होते तसे वयानुसार रांगेत उभे राहिले. "असू दे, असू दे," थोरला म्हणाला. सातव्याच्या पाया पडेपर्यंत बळवंताचा दम संपत आला, म्हणून तो धावत मधली रेषा ओलांडून परत आला. आता खरा खेळ सुरू करावा म्हणून त्यानं मांडी थोपटली.

पंचानं शिट्टी मारली. केळव्याचे सातही गडी बाद!

"अहो, मी फक्त पाया पडलो!" बळवंत ओरडला. त्याच्याइतकं कुणीच दचकलं नव्हतं.

"नमस्कार धरत नाय!" मेव्हणे गरजले.

पंच म्हातारा होता, घाईत नव्हता. "रामनाथ, पायाला हात लागला?"

"लागला."

"तू आशीर्वाद काय दिलास?"

सगळ्या जत्रेनं रामनाथच्या वतीनं उत्तर दिलं, "विजयी हो!" दिलेला शब्द गिळणं त्याच्या रक्तात नव्हतं. मान खाली घालून तो मैदानाबाहेर गेला, मागोमाग सगळा गोतावळा.

सफाळेकरांनी बळवंताला खांद्यावर घेतलं, पण त्याचं कशात लक्ष नव्हतं. तो खाली उतरला, ढाल घेऊन सासऱ्यापुढे गेला. "मामा, ही तुम्ही ठेवा. शैलाला पाठवा." त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"बोललो ते बोललो," रामनाथ म्हणाला, पण आवाज पडलेला होता.

तेवढ्यात शैला आली. हातात पत्र्याची ट्रंक, सकाळपासून भरून ठेवलेली. ती तिनं नवशाच्या गाडीत ठेवली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, कोळंबीच्या वेळी आईनं पाच वर्षं ऐकलं. मी पाच दिवस बी नाय ऐकनार."

शैला निरोपाचा नमस्कार करायला त्याच्या पायांशी वाकली, तसा तो गडी टुणकन दोन पावलं मागे उडाला.

अख्खी जत्रा हसली. चुलतसासरा हसला, मेव्हणे हसले, वाकलेली शैलाही हसली. मग रामनाथ स्वतःच दोन पावलं पुढे आला आणि त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. या वेळी तोंडातून शब्द काढला नाही. हातही बराच वेळ काढला नाही.