सरकीचं ताट

वरच्या खोलीतून ‘धप’ असा आवाज आला की खाली जेवणारे घास हातात धरून थांबायचे. विजयसिंहदादा माझ्याकडं बघून मान हलवायचे आणि त्यांच्या घरी कामाला असलेली मी फळांचं ताट घेऊन जिना चढायचे.

खोली वैष्णवीची. दादांची पोरगी, विसाव्या वर्षी गेली. आत तिचे ससे. चार होते, वर्षाच्या आत तीन मेले. कपाशीच्या रानातल्या पोरीनं नावंही तशीच ठेवली होती. कापूस, बोंड, पळाटी आणि सरकी. उरली ती सरकी.

ससा मुका असतो. भ्याला की मागचे पाय जमिनीवर आपटतो, तेवढंच त्याचं बोलणं. हे मला वैष्णवीनंच शिकवलं होतं. पण दादांना कोण सांगणार? तलवाड्याकडच्या दहा गावांची मतं फिरवणारा माणूस. त्यांच्या लेखी धप म्हणजे पोरगी फळ मागत होती. आणि खोटं कशाला बोलू, सगळं माहीत असूनसुद्धा दुपारी एकटीनं भांडी घासताना ते धप ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

हे खूळ दहाव्याच्या दिवशी लागलं. गोदावरीच्या काठाला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. दादा हात जोडून एकेक कबूल करत गेले. तुझ्या नावानं शाळेला खोली बांधतो. गावाला कमान उभी करतो. कावळा ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. शेवटी तिची आई, आमच्या सत्यशीला वैनीसाहेब, ओरडल्या, "वैष्णू, तुझ्या सशांना काय कमी पडू देणार न्हाई गं! रोज गोड फळं घालीन!"

कावळा खाली आला. भूक लागली असेल त्याला. पण तिथं जमलेल्या शेदोनशे माणसांत तसं म्हणायची छाती कुणाची?

तेव्हापासून रोज ताट. केळं, द्राक्षं, चिकू, आणि हंगाम आला की धारूरची सीताफळं. दादांची गाडी जाऊन पाटी भरून आणायची. सीताफळाच्या बियांचं पीठ आम्ही बायका उवा मारायला डोक्याला लावतो. जपून लावावं लागतं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. म्हणून मी एकेक बी काढून गर द्यायचे. मला वाटायचं, केवढी काळजी घेते मी! बी काढलं, पण गोडाचं काय? वैष्णवी चारदा सांगून गेली होती, "मंगलमावशी, गवत ही सशाची भाकर. फळ म्हंजी पुरणपोळी. अंगठ्याच्या पेराएवढं, आठवड्यातून एक-दोनदा. बी न्हाई, कोय न्हाई. रोज पोळी खाऊन तू तरी जगशील का?"

मी दादांना एकदा हे सांगायला गेले. ते म्हणाले, "पोरीच्या तोंडचा घास काढती का?" मी ताट उचलून वर नेलं. गवत ताटात तसंच वाळायचं. गोड मिळाल्यावर गवत कोण खातो? कापूस मेला, मग बोंड, मग पळाटी. एकेक मेलं की दादा म्हणायचे, "तिनं बोलावून घेतलं." आणि उरलेल्यांचं ताट वाढायचं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी झाडायला वर गेले. सरकी कोपऱ्यात अंग आखडून बसली होती. पाठीला कुबड काढलेलं, डोळे अर्धे मिटलेले. कालचं ताट भरलेलं. जमिनीवर रात्रभरात एक लेंडी नाही. आणि ती दात खात होती. कर्र, कर्र, हळूहळू.

माझ्या हातातला झाडू गळला. तो आवाज मी ऐकलेला होता. याच खोलीत.

मागच्या साली वैष्णवीला बघायला बीडहून पाहुणे येणार होते. ती सकाळपासून पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, कर्र कर्र दात खात. वैनीसाहेब म्हणाल्या, "नखरे करायली. लगीन नको म्हणून पोट दुखतंय." दादा म्हणाले, "पाहुणे जाऊ द्या, मग दवाखाना बघू." मला म्हणाले, मोसंबीचा रस पाज आणि साडी नेसव. मी नेसवली. परकराची नाडी त्या पोटावर मी आवळली. ती एवढंच म्हणाली, "मावशी, ढिली कर ना." मी म्हणाले, "निऱ्या सुटतील, बाई."

पाहुण्यांनी पसंती कळवली. तिसऱ्या दिवशी संभाजीनगरला नेताना ती गाडीतच गेली. पोटात आतडं फुटलं होतं. गावाला सांगितलं, हार्ट बंद पडलं.

खाली भटजी आले होते, पंगतीची गडबड होती. मी सरकीला पाटीत ठेवलं, वर माझं जुनं लुगडं टाकलं, मागच्या दारानं निघाले आणि काळीपिवळीत बसून गेवराई गाठली.

ढोरांचा डॉक्टर हसला. "म्हशी सोडून ससा आणलाय! काय घालता याला?"

"रोज दोन सीताफळं, केळं, चिकू."

"ससा हाय का मंत्री?" मग पोट दाबून बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "आतडं थांबलंय, बाई. गोडानं. लई उशीर केलात." त्यानं सुई टोचली, पातळ औषध पाजलं. "फळ बंद म्हणजे बंद. वाळलं गवत, पाणी, आणि पोटावरून हलका हात. संध्याकाळपर्यंत लेंडी पडली तर वाचली. न्हाई पडली तर परत घेऊन या."

परत आले तेव्हा पाहुणे पांगले होते. ओसरीत दादा उभे. पायरीवर वैनीसाहेब, हातात सशाचं ताट, मधोमध फोडलेलं सीताफळ.

"कुठं गेलतीस?" दादा म्हणाले.

"गेवराईला. सरकीला दाखवाया."

"कुणाला इचारून?"

"कुणाला बी न्हाई. मागच्या साली इचारत बसले होते."

दादांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी खाली बसले, सरकीला मांडीवर घेतलं आणि डॉक्टरनं दाखवला तसा तिच्या पोटावरून हात फिरवू लागले. पोट कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. धप.

सरकी माझ्या मांडीवर होती. वरच्या खोलीत कुणी नव्हतं. खिडकी आदळली असेल म्हणाल, पण कडी मी माझ्या हातानं घातली होती.

दादांनी माझ्याकडं बघून मान हलवली. वर्षभराची सवय. मी हलले नाही.

"आज फळ न्हाई, दादा."

"मंगल, ताट घे."

"वरीसभर ती हाका मारायली आन् तुमी ताट धाडायले. काय मागती ते कुणी इचारलं का? कावळा कमानीसाठी थांबला नव्हता. वर जा आन् खरं बोला. पोट दुखत होतं, आमी पाहुणे बघितले, म्हणा. गावाला काय सांगायचं ते सांगा, तिला तरी खोटं सांगू नका. आन् नाडी मंगलनं आवळली, ते बी सांगा."

"तुझी जीभ लई चालायली," दादा म्हणाले. आवाज मोठा होता, पण बघत होते जिन्याकडं. "उद्यापास्नं कामाला येऊ नको."

"न्हाई येत. पण सरकी माझ्याकडं ऱ्हाईल."

वैनीसाहेबांनी ताट पायरीवर ठेवलं. पदर खोचला आणि जिना चढल्या. वर दार उघडल्याचा आवाज आला.

"वैष्णू," त्या म्हणाल्या. खालपर्यंत ऐकू येत होतं. "मी म्हणाले होते, नखरे करती."

दादा जिन्याच्या तळाशी थांबले. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, तिथंच राहिला.

ऊन ओसरीतून अंगणात उतरलं. मी हात फिरवत होते. सरकीनं एकदा अंग ताणलं, आणि माझ्या पदरावर काहीतरी पडलं. मिऱ्याच्या दाण्याएवढी एक लेंडी. मग अजून एक. मी ती मुठीत धरून रडले, आणि कुणी बघतंय का याची लाज वाटली नाही. पाटीतली वाळल्या गवताची काडी पुढं केली. तिनं हुंगली, आणि टोक कुरतडलं.

वर वैनीसाहेब अजून बोलत होत्या. सलग नव्हत्या बोलत. एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, "हो गं" म्हणायच्या, मग पुढचं.