सलाम आधी कोणाचा?

मी मिठू. पिंजऱ्यातला पोपट खरा, पण अख्ख्या अकोल्यात माझ्याइतके सलाम कोणी ठोकले नसतील!

जन्म बार्शीटाकळीच्या एका पिंपळाच्या ढोलीत. तिथून मला कापसाचे दलाल गयासुद्दीन यांनी लेकीसाठी, नसीमबानोसाठी आणलं. तिनं हिरवी मिरची दाखवून दाखवून मला एकच गोष्ट शिकवली, अस्सलामु अलैकुम. आवाज मात्र मी तिच्या अब्बांचा उचलला, चांगला घोगरा.

तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसं नुसती हवेत होती. शेजारी राहणाऱ्या अब्बांच्या धाकट्या भावानं, म्हणजे नसीमबानोच्या नबीचाचांनी, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. अब्बा म्हणाले, आधी स्वतःच्या फाटक्या जोड्याचं बघ. झालं! दोघांचं बोलणं बंद.

आता आधी सलाम कोण करणार? अब्बा म्हणत, सलाम करणं सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा रिवाज. केला तर सवाब, पुण्य, नाही केला तर गुन्हा नाही. जवाब देणं मात्र फर्ज, ते चुकवता येत नाही. चाचांचंही तेच. म्हणजे दोघंही जवाब द्यायला टपलेले आणि सलाम कोणीच करेना! हसून हसून माझी पिसं गळायची वेळ आली.

पण नसीमबानोचं लग्न दोन दिवसांवर आलं आणि ती हटून बसली.

"माही मर्जी इचाराले वकील म्हनून चाचाच पायजे. नाई तं मी कबूल म्हननार नाई."

तिची अम्मी रडायला लागली. मला मिरचीसुद्धा गोड लागेना.

शुक्रवारी अब्बा ओट्यावर नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करत होते. चाचा मान वळवून मशिदीकडे निघाले. मला राहवलं नाही. दिला ठोकून, अस्सलामु अलैकुम!

चाचा थबकले. अब्बांच्या तोंडात चूळ, नाही म्हणायचीही सोय नाही.

"वालेकुम अस्सलाम, भाईजान," म्हणत चाचा ओटा चढले. अब्बांनी चूळ गिळली आणि भावाला मिठी मारली. लग्नात काय धमाल! मी तर नवरदेवाच्या सेहऱ्यातली चार फुलं खाल्ली.

पाठवणी झाल्यावर चाचा पिंजऱ्याशी आले. हळूच म्हणाले, "भाईजान मले सलाम करतेत तं आधी नब्बू म्हनतेत. तवाच वळखलं म्या, हा तू हायेस. पोपटाच्या सलामाले जवाब देनं फर्ज नाई, लेका. म्या आपल्या खुशीनं देल्ला."

मी माझ्या वाटीतली मिरची चोचीनं त्यांच्यापुढे सरकवली.

आता म्हातारा झालोय, नजर गेलीय, पण गळा शाबूत आहे. ओट्यावरून जाताना माझा सलाम ऐकलात, तर द्या बरं जवाब. फर्ज नाही, म्हणूनच.