डाव्या बाजूचा चिखल

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो माझ्या पोटात मुठीपर्यंत गेला. त्याने जोरही लावला नव्हता. काय गमावलं आहे, ते मला आणि मालकांना त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. बावीस वर्षं खाचखळग्यांतून चालले. आता थकले आहे. तरी सांगते.

माझे मालक पाण्याचे पंप दुरुस्त करतात. डांबरी रस्ता संपतो त्याच्या पुढे, डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर पंप बंद पडला की लोक त्यांना बोलावतात. मालक मला चालवायचे आणि मालकीणबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसायच्या. ओढा आडवा आला की बाई खाली उतरायच्या, काठीने पाणी किती आहे ते बघायच्या आणि हात करून ओरडायच्या, "या आता! पण नवरदेवासारखे, सावकाश!"

एकदा ट्रॅक्टर रुतला होता त्या चढावरून मी भलामोठा पंप वर नेला. वस्तीवरचे एक आजोबा माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "ही गाडी नाही, म्हैस आहे म्हैस!" ते कौतुक होतं, असं मी धरून चालले.

पण माझी खरी काळजी घरी घेतली जायची. परत आल्यावर बाई आधी माझं पोट धुवायच्या, मग स्वतःचे हातपाय. नळी घेऊन खाली वाकायच्या आणि चाकांवरच्या खोबणीत अडकलेला चिखल काढायच्या. चिखल ओल धरून ठेवतो आणि ओल पत्रा खाते. माझ्या दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं आहेत. ती बुजली की दार आतून कुजतं. बाई ती विणकामाच्या एका मोडक्या सुईने मोकळी करायच्या. ती सुई माझ्या पुढच्या खणात असायची.

मालक कंटाळायचे. "अगं, गाडी आहे ती. बाळ नाही."

"बाळ निदान रडून सांगतं. हिला तोंड आहे का?"

कुठे रंगाला फुगा आला तर बाई त्यावर नुसता नवा रंग मारत नसत. फुगा खरवडायचा, पत्रा चमकेपर्यंत घासायचा, पुसून कोरडा करायचा, मग तांबडा गंजरोधक रंग आणि तो वाळला की वरून माझा हिरवा. वर्षातून एकदा माझ्या चौकटीच्या पोकळ नळ्यांत मेणाचा फवारा. याला त्या अर्धा दिवस द्यायच्या.

शेवटच्या फेरीहून आलो तेव्हा बाईंना धाप लागली होती. त्या नळीपर्यंत गेल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "आज राहू दे. उद्या धुते."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. एकोणीस दिवसांनी मालक एकटेच परत आले.

मालकांनी मला धुतलं नाही. कुणाला धुऊही दिलं नाही. डाव्या बाजूच्या पायदानावर वाळलेल्या चिखलात बाईंच्या चपलेचा ठसा होता. पावसाने तो जाऊ नये म्हणून मालकांनी माझ्यावर ताडपत्री घातली आणि दोरीने गच्च आवळली. त्यांना वाटलं, मला जपलं. पण जमिनीतून ओल वर येत राहिली आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. दोन वर्षं मी त्या अंधारात उभी होते. जवळची कामं मालक स्कूटरवर करायचे. लांबच्या वस्त्यांना नाही म्हणायचे.

मग एका वस्तीवरून सारखे फोन येऊ लागले. पंप बंद होता, बाया ओढ्यावरून पाणी वाहत होत्या. तिथे स्कूटर जात नाही. लेक माहेरी आली होती, तिने ताडपत्री सोडली आणि बापाला घेऊन मला मिस्त्रीकडे आणलं.

"काका, गाडी आणलीत की चाळणी?" मिस्त्री म्हणाला. मग मालकांचा चेहरा बघून गंभीर झाला. "डाव्या बाजूची चौकट अजून वाचेल. पण आधी हा सगळा चिखल धुवा, मग मी कुजलेलं कापून नवा पत्रा जोडतो. आणखी एक पावसाळा काढलात, तर भंगारवाल्यालाच बोलवा."

"चिखलाला हात लावायचा नाही," मालक म्हणाले.

मिस्त्री हात पुसत राहिला. लेक पायदानाजवळ बसली. तिने तो ठसा पाहिला.

"बाबा," ती म्हणाली, "आईने गाडीची ही दशा बघितली असती, तर तुम्हाला घरात घेतलं नसतं."

मालकांनी नळी मागितली. ते स्वतः वाकले. ठसा सगळ्यात शेवटी धुतला.

मिस्त्रीने मला चार दिवस ठेवलं. कापलं, जोडलं, घासलं, तांबडा रंग दिला, वर हिरवा दिला. मेणाचा फवारा मालकांनी मारला. अर्धा दिवस पुरा दिला. मग आम्ही त्या वस्तीवर गेलो. ओढ्यापाशी मालक स्वतः काठी घेऊन उतरले. पंप चालू झाला. परत आल्यावर त्यांनी माझं पोट धुतलं.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, फाटकाची कडी असेल, लोखंडाचं काहीही असेल. ओलं झालं तर त्याच दिवशी पुसा. चिखल लागला तर त्याच दिवशी धुवा. जपायचं म्हणून झाकून ठेवू नका, त्याला वारा लागू द्या.

मिस्त्री म्हणाला होता, "दारांची भोकं तुम्ही घरीच मोकळी करा, काका." मालकांनी उजव्या दाराची केली. मग सुई घेऊन डाव्या दारापाशी बसले. त्या भोकांत अजून बाईंच्या शेवटच्या फेरीचा चिखल आहे. थोड्या वेळाने ते उठले आणि सुई खणात ठेवून घरात गेले.

डाव्या दाराखालची दोन भोकं मोकळी करायची राहिली आहेत.