आरशाला टांगलेली खूण

परदेशातल्या या गावात, देशी दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडवर, रविवारी दुपारी पार्किंग मिळायला नशीब लागतं. परीक्षितला गेले आठ महिने ते लागत नव्हतं. त्याच्या गाडीत, पुढच्या आरशाला, एक निळा टॅग टांगलेला असे. टॅगवर पांढऱ्या रेषांची चाकाची खुर्ची आणि खुर्चीत बसलेलं बिनचेहऱ्याचं माणूस.

टॅग आईचा होता. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांची सही घेऊन काढलेला. मार्चमध्ये आई गेली. पहिला महिना त्याला टॅगला हात लावायचा धीर झाला नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा घाई होती, समोर अपंगांसाठी राखलेली निळी जागा रिकामी होती, आजच्या दिवस म्हणून त्यानं गाडी घातली. मग त्या आजच्या दिवसाला शेपूट फुटत गेलं. टॅग परत पाठवायला हवा असं त्याची बायको रुचा दोनदा म्हणाली. आईची आठवण आहे गं, असं म्हणून त्यानं दोन्हीदा विषय मिटवला. आठवण तर होतीच. पण आठवण अशी दर रविवारी दुकानाच्या दारात जागा धरून देते, हे तो स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलला नव्हता.

त्या दिवशी मागच्या सीटवर अनिका होती. सहावीतली पोर, काच खाली करून फोटो काढत चाललेली. शाळेनं काम दिलं होतं: रस्त्यावरच्या खुणा गोळा करा आणि त्यांच्या तीन जाती लावा. ती इंग्रजीत सांगू लागली आणि बाबाचं लक्ष नाही असं दिसल्यावर मराठीवर आली. पहिली जात आयकॉन, वस्तूसारखी दिसणारी. पेट्रोल पंपाचं चित्र, सिग्नलवरचा चालणारा दिव्यांचा माणूस. दुसरी सिंबल, सगळ्यांनी मिळून ठरवलेली. लाल रंगाचा आणि थांबण्याचा तसा काय संबंध? तिसरी इंडेक्स. तीच तिला मिळत नव्हती.

"म्हणजे कशी?" त्यानं विचारलं.

"लाइक फुटप्रिंट, बाबा. कुणीतरी रिअली तिथे असावं लागतं. नाहीतर ठसा येतच नाही."

त्याला आई आठवली. भाजी निवडता निवडता ती ओव्या गुणगुणायची, कधी जुन्या, कधी जागच्या जागी जुळवलेल्या.

ओल्या अंगणात, बाई, उमटली पावलं
हाक न देता कळे, माझं पाडस गं आलं

मनातल्या मनात ती ओळ घोळवतच तो किराणा दुकानासमोर वळला आणि शेवटची उरलेली निळी जागा त्यानं सरावानं पकडली. अनिका आधी उतरली. तिनं खांबावरच्या पाटीचा फोटो घेतला, मग पुढच्या काचेतून टॅगचा. हा तर तिन्ही आहे, ती खूश होऊन म्हणाली. खुर्ची दिसते म्हणून आयकॉन, निळा रंग ठरवलाय म्हणून सिंबल. इंडेक्स का, ते सांगायला तिनं तोंड उघडलं आणि ती थांबली. गाडीतल्या आजीच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली.

परीक्षित दार उघडून उतरत होता. तेवढ्यात मागे एक राखाडी गाडी येऊन थांबली. याच जागेच्या आशेनं आलेली, हे उघड होतं. काचेमागे एक म्हातारी बाई त्याच्याकडे पाहत होती. धडधाकट माणूस, निळ्या जागेत. आणि परीक्षितचा डावा पाय आपोआप वाकडा पडला. मनानं ठरवायच्या आत पायानं ठरवून टाकलं. दाराला धरून, तोंड कसनुसं करत, तो दोन पावलं लंगडला.

गाडीची काच खाली आली. नंदाकाकू होत्या, मराठी मंडळातल्या. आई गेली तेव्हा दहा दिवस पोळ्यांचा डबा घेऊन येणाऱ्या. शेजारच्या सीटवर श्रीरामकाका मान कलती करून बसलेले. वर्षापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं.

"परीक्षित ना रे? पायाला काय झालं?"

गुडघा जरा, असं काहीतरी तो पुटपुटला.

"या वयात गुडघे? तुम्हा लोकांना कुणीतरी जिमपासून लांब ठेवा." काकू हसल्या. "जा तू, उभा नको राहूस. आम्ही बघतो मागे कुठेतरी."

गाडी सावकाश दूर गेली. त्याच क्षणी आपली गाडी काढून जागा द्यायला हवी होती. पण मग हा पाय कुठे ठेवायचा? तो लंगडत दुकानात शिरला. काकू कधीही आत येतील, म्हणून लंगडतच राहिला. डाळींच्या रांगेत एका गरोदर बाईनं ढकलगाडी मागे घेऊन त्याला वाट दिली. कणकेची वीस पौंडांची पिशवी दुकानातल्या पोरानं धावत येऊन उचलून दिली, वर काळजी घ्या म्हणाला. परीक्षितनं मान हलवली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एरवी अनिका या दुकानात सतरा वस्तू मागायची. आज यादी हातात धरून मुकाट्यानं मागून येत होती.

लोणच्यांपाशी तो चवड्यांवर उंच होऊन बरणी काढायला गेला, उतरला, पुन्हा लंगडू लागला.

"बाबा," अनिका यादीवरची नजर न काढता हळूच म्हणाली, "दुसरा पाय."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती, राग नव्हता. वळताना इंडिकेटर राहिला तर आठवण करायची, त्याच आवाजात तिनं बापाला सांभाळून घेतलं होतं.

परीक्षित हातातली बरणी धरून उभा राहिला. अकरा वर्षांच्या मुलीनं आपलं खोटं तिच्या इवल्या पदराखाली घेतलं, आणि तिला ते किती सहज जमलं. त्यानं आत्ता काही सांगितलं असतं, तर ते ऐकायलासुद्धा ती खाली मान घालूनच उभी राहिली असती.

समोरच्या मोठ्या काचेतून पार्किंग दिसत होतं. पार पलीकडच्या कुंपणापासून श्रीरामकाका येत होते. वॉकर उचलायचा, पुढे ठेवायचा, एक पाय न्यायचा, दुसरा ओढून आणायचा. मग थांबायचं. काकू एका हातानं त्यांचा कोट धरून होत्या आणि दुसऱ्या हातानं येणाऱ्या गाड्यांना थांबवत होत्या.

त्यानं बरणी फळीवर ठेवली आणि सरळ पायांनी बाहेर पडला. ढकलगाडी तिथेच राहिली. अनिका मागून आली, हे तिच्या बुटांच्या आवाजावरून कळलं. पन्नासेक पावलं असतील, पण दोन धड पायांनी चालणं त्याला जन्मात इतकं जड गेलं नव्हतं. काकूंनी त्याला येताना पाहिलं. त्यांची नजर आधी त्याच्या पायांवर गेली, मग तोंडावर आली.

"काकू," तो म्हणाला, "माझा पाय..."

श्रीरामकाकांनी वॉकर थांबवला. त्याला पाहून त्यांचा अर्धा चेहरा उजळला. मार्चमधलं सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. त्यांनी परीक्षितच्या गाडीकडे बोट केलं.

"निळा टॅग बघितला मी," जिभेवर शब्द घोळवत ते म्हणाले. "आई गाडीत बसल्यात ना? चल, भेटतो."

एवढ्या पार्किंगमध्ये टॅगवरची खूण खरी मानून वाचणारा तो एकच माणूस होता.

अनिका शेजारी येऊन उभी होती. तिला आत जा म्हणावं असं परीक्षितला वाटलं. त्यानं म्हटलं नाही.

"नाही काका. आई मार्चमध्ये गेली. गाडीत कुणी नाहीये."

काका गाडीकडे बघत राहिले. "मग जागा कुणासाठी धरलीस?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही. मी खोटं लंगडलो."

एक गाडी हॉर्न देऊन बाजूनं गेली. काकूंनी हातातला कोट सोडला, परीक्षितचा हात ओढला आणि काकांच्या दंडाखाली नेऊन ठेवला, जरा जोरातच.

"धर नीट," त्या म्हणाल्या. "घाई करायची नाही."