एकाहत्तराव्या वर्षी धाकटी

पिलनाम खोटं बोलली असं म्हणता येणार नाही. तिने फक्त मान हलवली. इंचॉनच्या भाजीबाजारामागच्या सार्वजनिक न्हाणीघरात ती गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसली होती. समोरच्या अनोळखी बाईने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि जे विचारल्याशिवाय आपल्या कोरियात पुढचं बोलणंच सुरू होत नाही, ते विचारलं.

"जन्म कुठल्या वर्षातला? सशाच्या ना?"

पिलनामची मान हलली.

"वाटलंच मला! मी कुत्र्याच्या वर्षातली. म्हणजे मी ताई. चल, पाठ कर इकडे. किती दिवस घासली नाहीस? थर साचलाय नुसता."

बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात पिलनाम खरी घोड्याच्या वर्षातली. त्या बाईहून चार वर्षांनी मोठी, आणि सशाच्या वर्षातल्या बायकांहून नऊ वर्षांनी. चूक सुधारायला एक वाक्य पुरलं असतं. पण तोवर पाठीवर खरखरीत हातमोजा फिरायला लागला होता, मध्येच "नीट बस की!" म्हणून एक धपाटाही बसला, आणि पिलनामच्या लक्षात आलं की असा धपाटा आपल्याला आयुष्यात कोणी घातलेला नाही. तिने ते वाक्य गिळलं.

ती सहा भावंडांत थोरली. "आता नक्की मुलगा" या अर्थाचं नाव बापाने तिला ठेवलं, आणि त्यानंतर ओळीने चार मुली झाल्या, मग एकदाचा मुलगा. स्वतःची पाठ रुंद होण्याआधीच तिच्या पाठीवर धाकटी बांधलेली असे. लग्न झालं तेही घरातल्या थोरल्या मुलाशी, म्हणजे पितरांच्या पूजेची सगळी पक्वान्नं हिच्या गळ्यात, आणि चार जावा हिच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे काय, त्या फोनवर "वहिनी, आम्हाला यायला जरा उशीर होईल" म्हणायच्या. नवरा गेला, सासूसासरे गेले, तरी तिचं थोरलेपण काही गेलं नाही. भावाच्या कर्जापासून पुतणीच्या घटस्फोटापर्यंत जो तो तिच्याकडेच येई. तिच्याकडून ऐकून घ्यायला सगळे होते, तिला दटावणारं मात्र कोणी नव्हतं.

आता तो चेहरा. पिलनामची मुलगी सेयॉन औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करायची. वयस्क त्वचेसाठी पेप्टाइडचं मलम बनवणाऱ्या तुकडीत ती होती. चाचणीच्या मलमाच्या बिनलेबलच्या बाटल्या ती आईकडे आणून टाकायची आणि आई त्या संपवायची, कारण वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं.

"यात असतं तरी काय गं?" एकदा पिलनामने विचारलं होतं.

"प्रथिनाचे बारीक तुकडे. ते त्वचेला निरोप देतात, की बाई, कामं पडली आहेत, हात चालव."

"आणि ती ऐकते?"

"ऐकते थोडंफार. सुनेसारखं. रोज सांगत राहावं लागतं."

सेयॉन स्वतः त्या मलमाबद्दल कधी वाढवून बोलत नसे. सुरकुत्या जरा भरल्यासारख्या दिसतात, त्वचा जरा ताठ वाटते, थांबवलं की हळूहळू पहिल्यासारखं, एवढंच तिचं म्हणणं. पिलनामने तीस वर्षं तळघरातल्या स्वेटरच्या कारखान्यात काढली होती आणि त्या काळात तिने ऊन म्हणून पाहिलं नव्हतं, या गोष्टीचा वाटा किती आणि बाटलीचा किती, हे कोणी मोजलं नव्हतं. श्रेय मात्र बाटलीला गेलं. गळ्याच्या खाली मलम पोचत नसल्यामुळे तिथे वय जसंच्या तसं होतं.

त्या न्हाणीघरातल्या बाईचं नाव ओकजू. तिच्याबरोबर तेसुन नावाची एक लठ्ठ, हसरी बाई असायची. तिघींचं दर मंगळवारी जमायला लागलं. पिलनाम धाकटी, म्हणून टॉवेल आणायचे तिने, नंतर जेवायला गेल्यावर शेगडीवरचं मांस उलटायचं तिने, पाण्याचे पेले भरायचे तिने. एकाहत्तर वर्षांची बाई सदुसष्टच्या बाईपुढे दोन्ही हातांनी पेला धरायची आणि घरी जाताना गुणगुणत जायची. मेट्रोच्या फाटकातून त्या दोघी पासष्टीनंतरच्या फुकट पासावर जात आणि ही मागून निमूट तिकीट काढी. तिला ते तिकीट महाग वाटलं नाही.

"धाकटे, तुझं तोंड बघावं तर पोरीचं, आणि गुडघे बघावेत तर सासूबाईंचे," तेसुन एकदा हौदात म्हणाली.

"गप गं," ओकजूने तिला झापलं. "कष्ट केलेत तिने. गुडघ्यांना काय विचारतेस? खा गं तू." आणि जेवायला बसल्यावर तिने माशाचे काटे काढून मऊ तुकडा पिलनामच्या भातावर ठेवला. "वाळलीयेस. एकटीसाठी रांधत नाहीस, मला माहितीये. शुक्रवारी माझ्याकडे ये. येत नाहीस तर बघ."

पिलनाम खाली मान घालून तो तुकडा चघळत राहिली. सांगायला हवं, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. पुढच्या मंगळवारी सांगू, असंही वाटलं. अशी दोन वर्षं गेली.

मग सेयॉनचं मलम बाजारात यायची वेळ आली. ती एका संध्याकाळी आईकडे आली ती बूट काढता काढताच बोलायला लागली.

"आई, तुझा फोटो हवाय. कंपनीला खऱ्या बायका हव्या आहेत. मॉडेल नकोत. साहेबांना मी तुझा फोटो दाखवला तर ते म्हणाले, या बाईंचं वय खरंच एवढं आहे?"

"फोटो घे की. वय कशाला सांगायचं?"

"आई! वयाशिवाय तो नुसता एका बाईचा फोटो."

सेयॉन चाळिशीला आली होती, लग्न केलं नव्हतं, आणि तिच्या तुकडीतली निम्मी माणसं गेल्या वर्षी घरी बसली होती. हे मलम चाललं नाही तर हिचीही पाळी, हे पिलनामला न सांगता कळत होतं. मुलीने काही मागावं आणि आपण नाही म्हणावं, हे तिला जमण्यातलं नव्हतं.

"कुठे छापणार?" तिने एवढंच विचारलं.

"इंटरनेटवर. तुझ्या मैत्रिणी काही तिथे खरेदी करत नाहीत."

सेयॉनला आईच्या मैत्रिणींबद्दल एवढंच माहीत होतं, की त्या आहेत. पिलनामने फोटो काढून दिला.

पुढे एका मंगळवारी आंघोळ आटोपून तिघी न्हाणीघराच्या विश्रांतीच्या दालनात, तापवलेल्या फरशीवर आडव्या झाल्या होत्या. आजूबाजूला आणखी दहा-पंधरा बायका, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कोणी घोरतेय, कोणी उकडलेली अंडी सोलतेय. ओकजूच्या पोटऱ्या दुखत होत्या, म्हणून तिने पाय सरळ पिलनामच्या मांडीवर टाकले होते. पिलनाम ते दाबत होती. भिंतीवरच्या टीव्हीवर नेहमीसारखा खरेदीचा कार्यक्रम चालू होता. आधी कढई विकून झाली, मग चादरी.

"जरा वर. हां, तिथेच," ओकजू डोळे मिटून म्हणाली. "तुझ्या हातात जोर चांगलाय, धाकटे."

टीव्हीवरची मुलगी किंचाळायला लागली. "ताई-माई, आता जे बघणार आहात ना, त्यावर विश्वास बसणार नाही! या आजीबाई आहेत आपल्याच इंचॉनच्या! सांगा बरं, वय किती? साठ? नाही! एकाहत्तर! घोड्याच्या वर्षातल्या! कमाल आहे या पेप्टाइडची!"

आणि भिंतभर पिलनामचा चेहरा आला. भिवईवरच्या तिळासकट.

अंडं सोलणारी बाई टीव्हीकडे बघत होती ती वळून पिलनामकडे बघायला लागली. मग तिची शेजारीण. तेसुनने "अगं बाई," म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. पिलनामचे हात ओकजूच्या पोटरीवर तसेच राहिले. काढून घ्यावेत की दाबत राहावं, ते तिला कळेना.

ओकजूने डोळे उघडले. टीव्ही पाहिला, पिलनामला पाहिलं. तिचे पाय पिलनामच्या मांडीवरून असे निघाले की जणू खाली निखारे होते. ती उठली, गुडघ्यांवर बसली, डोक्याचा टॉवेल काढून तिने बाजूला ठेवला.

"तुम्ही," ओकजू म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तुम्ही माझे पाय दाबत होतात."

"ताई, ऐक ना…"

"ताई म्हणू नका!" सगळं दालन ऐकत होतं. "चार वर्षांनी थोरल्या बाईकडून मी पाय दाबून घेतले. दोन वर्षं तुम्हाला अगं-तुगं केलं. पाठीत धपाटे घातले. पाणी भरायला लावलं. असं कोणी वागत नाही हो. माझी आई असती तर तिने मला उंबऱ्यात उभं केलं नसतं."

"मला आवडायचं ते," पिलनाम म्हणाली. इतक्या लोकांत हे बोलताना तिची मान खाली गेली. "मला कधी कोणी थोरली नव्हती. तू काटे काढून द्यायचीस. म्हणून नाही बोलले."

"तुम्हाला आवडायचं. आणि मी? मी कोण झाले? उर्मट, बिनवळणाची बाई. लोक काय म्हणतील ते सोडा, मला स्वतःलाच माझं तोंड बघवणार नाही. तुम्ही खोटं बोललात, आणि पाप माझ्या अंगावर आलं."

मग ओकजूने दोन्ही हात फरशीवर टेकवले आणि पिलनामपुढे वाकली. रागाने भरलेली बाई इतक्या नीट वाकलेली पिलनामने कधी पाहिली नव्हती. तेसुनही घाईघाईने वाकली. टीव्हीवरची मुलगी माल संपत आला म्हणून ओरडत होती.

घरी आल्यावर सेयॉनचा फोन आला. "आई! टीव्हीवाल्यांनी ऐनवेळी आपलं मलम घेतलं, आणि संपला सगळा साठा! कार्यक्रम संपायच्या आत! साहेब म्हणतात पुढच्या वेळी तुला घेऊनच येऊ तिथे. आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. छान झालं," पिलनाम म्हणाली, आणि ती ते खोटं बोलली नाही. मुलीची नोकरी राहिली याचा तिला मनापासून आनंद झाला होता. फक्त त्या आनंदाशेजारी बसायला दुसरं कोणी नव्हतं.

ओकजू संबंध तोडेल, अशी तिची अटकळ होती. तोडले असते तर भांडता तरी आलं असतं, दारात जाऊन बसता आलं असतं. पण आठवड्याभराने ओकजूचा निरोप आला, शब्दन् शब्द शिष्टाचाराचा. तब्येत बरी आहे ना, हवा गार झाली आहे, जपावे. मंगळवारी दुपारी शिंपल्यांच्या शेवया खायला यावे, आपली सवड असल्यास.

पिलनाम गेली. बाजारातलं नेहमीचंच हॉटेल. ओकजू आणि तेसुन आधीच येऊन उभ्या होत्या, आणि ती दिसताच दोघींनी कमरेतून वाकून नमस्कार केला. भिंतीलगतची, वाऱ्याची झुळूक न लागणारी जागा तिच्यासाठी ठेवली होती, खाली उशी घालून. पिलनाम सवयीने पाण्याच्या भांड्याकडे वळली तर तेसुनने ते झटकन उचललं.

"अहो, तुम्ही बसा. मी आहे ना."

तेसुनने दोन्ही हातांनी पेला पुढे केला. ओकजूने काकडीचं लोणचं पिलनामच्या बाजूला सरकवलं. गुडघे कसे आहेत, विचारलं. रात्री झोप लागते का, विचारलं. कुठेच काही उणं नव्हतं. उद्या कोणी हे टेबल पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्या माणसाला असा मान मिळायला भाग्य लागतं.

"ओकजू," पिलनाम म्हणाली. ताई म्हणायची बंदी, आणि नुसतं नाव तिच्या तोंडाला परकं वाटत होतं. "एकदा ओरड माझ्यावर. मनसोक्त. मग झालं-गेलं विसरू."

"असं कसं बोलता," ओकजू हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पिलनामकडे उचलले नाहीत. "तुमच्यावर मी कशी ओरडणार? आता नाही जमायचं मला. जमलं असतं तर मलाही हवंच होतं."

शेवया आल्या. तीन मोठे वाडगे, वर उघडलेल्या शिंपल्या, वाफ नुसती उसळत होती. पिलनाम वाट बघत राहिली. त्या दोघी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कोणीच सुरुवात करेना. तेसुनची नजर वाडग्यावर खिळली होती. वाफ हळूहळू पातळ झाली. काही चुकलं का, आणखी काही यायचंय का, म्हणून पिलनामने स्वयंपाकघराकडेही पाहून घेतलं.

मग तिला उमजलं. टेबलावरच्या सगळ्यात थोरल्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय आपल्याकडे कोणी खात नाही, आणि त्या तिच्यासाठी थांबल्या होत्या.

"घ्या ना गं तुम्ही आधी," ती म्हणाली.

"तुम्ही घेतल्याशिवाय कसं?" ओकजू म्हणाली.

चमचा न उचलता बसावं, असं पिलनामच्या मनात आलं. मी उचलला नाही तर मी थोरली नाही. पण तेसुन सकाळपासून उपाशी होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, शेवया फुगायला लागल्या होत्या, आणि समोर कोणी भुकेलं बसलेलं पिलनामला जन्मात बघवलं नव्हतं.

तिने चमचा उचलला.

"आता जेवतो हं," दोघी एकदम म्हणाल्या आणि वाडग्यांवर वाकल्या.